बिनटाचणीचा शेला

१

साडेदहाला सिदोनी टाचण्यांची उशी हातात घेऊन जिना चढली, तेव्हा खासदार ओनोरे कास्तान्ये संगमरवरी शेकोटीपाशी गालिच्यावर उताणे पडले होते, आणि निळा-पांढरा-लाल तिरंगी शेला त्यांच्या अंगावर आधीच चढलेला होता.

ती दारातच थिजली. मान एका अंगाला कललेली, गाल निळ्या रेशमाला टेकलेला, आणि त्या निळ्याशेजारी तो गाल पहाटेच्या दह्यासारखा पांढरा दिसत होता. डोक्याखाली गालिचा ओला होता. शेकोटीत लाकडं तडतडत होती. खोली उबदार होती, आणि त्या उबेचीच तिला शिसारी आली.

"मेत्र?" ती म्हणाली. वकिलाला इथे सगळे मेत्रच म्हणतात. चौदा वर्षं खासदारकी करूनही ते तिच्यासाठी मेत्रच राहिले होते.

खाली चौकात पालिकेचं बँड पथक सूर जुळवत होतं. आज अकरा नोव्हेंबर, पहिलं महायुद्ध संपल्याचा दिवस. अकराच्या ठोक्याला हुतात्मा स्तंभापाशी सगळं गाव जमणार, खासदार फुलांचं चक्र ठेवणार. दर वर्षी साडेदहाला ती वर यायची आणि ते हात पसरून उभे राहायचे. उजवा खांदा आखडलेला, तो डोक्याच्या वर जात नसे. मग ती शेला चढवायची, खांद्यावर एक टाचणी, कमरेशी एक. आज हात पसरायला कोणी नव्हतं.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं तिला तुकड्यातुकड्यांनीच आठवायची. फोन. डॉक्टर. पोलिसांचे बूट. डॉक्टर म्हणाले, "कोणीतरी समोरून धक्का दिलाय. मागच्या मागे पडले, डोकं दगडाच्या कोपऱ्यावर. वेळ विचारू नका, ही आग अंग थंड होऊ देत नाही."

कॅप्टन गिलमो जाडसर, सर्दी झालेला माणूस होता. त्याने मोबाइलवर प्रेताचे फोटो काढले आणि तिला खालच्या टायपिंगच्या खोलीत बसवलं.

"घराला दारं किती?"

"दोन. पुढचं मी नऊला उघडलं. मागचं कोर्टाच्या बोळात उघडतं. ते आतूनच उघडतं, बाहेर पडून ओढलं की बंद."

"नऊपासून तुम्ही इथेच?"

"इथेच. ते वर भाषण लिहीत बसतात, साडेदहापर्यंत वर जायचं नाही असा नियम आहे."

"आणि शेला ते कधी घालतात? गावात म्हणतात, अगदी निघताना."

"निघतानाच. आधी घातला तर अपशकुन होतो म्हणायचे."

कॅप्टनने नाक पुसलं. "म्हणजे शेला अंगावर आहे, तर दहापर्यंत ते जिवंत होते. त्या वेळी घरात तुम्ही होता. त्यांचा खांदा आखडलेला, हेही गावाला ठाऊक आहे. मग मादाम, मला एवढंच सांगा. शेला त्यांच्या अंगावर कोणी चढवला?"

२

त्या खोलीत ती मेत्रची सचिव म्हणून एकतीस वर्षं बसली होती, पण खिडकीला गज आहेत हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

बाहेर धुकं होतं. व्हालकोंब गाव नोव्हेंबरात असंच नाहीसं होतं. आधी डोंगर जातो, मग चर्चचा मनोरा, मग समोरचं बेकरीचं दुकान. तिची आई चेस्टनट वेचताना म्हणायची ते गाणं नको असताना तिच्या ओठांवर आलं:

धुकं दाटलं दाटलं, चेस्टनटाच्या बनात
वाट गेली बाहेरून, मीच कोंडले पानांत

चौकात बिगुल वाजलं. मग शांतता. मिनिटभर सगळं गाव मेलेल्यांसाठी गप्प उभं होतं, आणि वर माडीवर एक मेलेला माणूस त्या गप्पपणात सामील झाला होता.

दार उघडलं आणि एलिएत कुर्बेस आत आल्या. साठीच्या, बुटक्या, केस पुरुषी कापलेले, छातीवर आजच्या दिवसाचं निळं कापडी फूल. जिल्ह्याच्या वकीलसंघाच्या त्या प्रमुख. वकिलाच्या कचेरीतला कागदही त्या समोर असल्याशिवाय पोलिसांना उचलता येत नाही, असा कायदा आहे.

"सिदोनी, कॉफी घेतलीत?"

"नको, मेत्र."

"मग मी घेते. कॅप्टन, न्यायाधीश कधी पोचतायत?"

"धुक्यामुळे तासभर तरी," कॅप्टन म्हणाला. "तोवर कपाटं मोहोरबंद. आणि मादाम इथून हलायच्या नाहीत. ते आले की त्यांना गाडीत बसवून न्यायचं, एवढंच काम उरलंय."

सिदोनीने लोकरी जाकिटाचा उजवा खिसा वरून चाचपला. तिथे एक लिफाफा होता.

काल संध्याकाळी तो मेत्रनी तिच्या हातात दिला होता. संसदेच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र, पाचच ओळी. राजीनामा. "उद्या समारंभानंतर नगरपालिकेत सगळे वाइन घेत असतील तेव्हा मी सांगणार," ते म्हणाले होते. "तोवर कोणाला नाही. फक्त एकाला सकाळी आधी सांगेन, त्याचा तेवढा हक्क आहे. बारा तारखेला हे टपालात टाका." आणि ती भडकली होती. एकतीस वर्षं त्यांचा प्रत्येक स्वल्पविराम तिच्या हातून गेला, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून मग तिला सांगितली! ती मोठ्याने काय काय बोलली, आणि दार आपटून निघून गेली.

लिफाफा दाखवला तर कॅप्टन म्हणणार, खासदारकी गेली म्हणजे संसदेच्या पगारावरची तुमची नोकरी गेली, म्हणून रागावलात. न दाखवावा तर मेत्रच्या मनात काय होतं हे कोणाला कळणारच नाही. एक भिंत इकडे, एक भिंत तिकडे, आणि मध्ये खिसा.

"शेला मी नाही चढवला," ती म्हणाली. "मी गेले तेव्हा तो अंगावर होता."

कॅप्टन कंटाळून म्हणाला, "चौदा वर्षं तुम्ही चढवलात, आणि नेमका आज नाही?"

तेवढ्यात दाराशी कोणीतरी खाकरलं. तरुण वकील थिबो लाव्हर्न उभा होता. मेत्र खासदार झाल्यापासून त्यांची अर्धी कचेरी त्यानेच भाड्याने घेतली होती.

"मला सांगायला बरं वाटत नाही," तो बुटांकडे बघत म्हणाला. "पण काल संध्याकाळी मी बोळात होतो. मादाम सिदोनी ओरडत होत्या. शब्द मला ऐकू आले. 'तुम्ही माझं आयुष्य वापरलंत आणि आता घडी घालून ठेवून दिलंत.'"

कॅप्टनने वही उघडली.

३

एलिएत कुर्बेस यांनी खुर्ची ओढून घेतली. "कॅप्टन, तुमची हरकत नसेल तर मी दोन शब्द विचारते. नाहीतरी न्यायाधीश येईपर्यंत आपण सगळेच कोंडलेले आहोत. थिबो, तुम्ही आज सुटीच्या दिवशी इथे कसे?"

"उद्याच्या खटल्याची फाइल घ्यायला आलो. सव्वादहाला. पुढच्या दाराने. मादामनीच बघितलं मला."

"खरं आहे," सिदोनी म्हणाली. "मला गुड मॉर्निंगही म्हणाले नाहीत."

"तोंडात क्रुआसाँ होतं, मादाम!"

"अलीकडे मेत्रनी तुम्हाला काही सांगितलं? कचेरीबद्दल?"

"नाही. काही सांगायचं होतं का?" त्याचा चेहरा उतरला. "ते परत वकिली करणार होते का? तसं असेल तर माझे निम्मे अशील त्यांच्या दारात जातील. पण मला कोणी काही बोललं नाही, शप्पथ."

सिदोनीने मान खाली घातली. ज्या 'एका'ला सांगायचं होतं तो थिबोच असणार असं ती कालपासून धरून चालली होती. कचेरी त्याची, हक्क त्याचा. मग त्याला सांगितलं नाही तर कोणाला?

बाहेर बँड थांबला होता. समारंभ उरकला. दारात थंड हवेचा झोत आला आणि त्याच्यामागून नगराध्यक्ष गास्तों पोर्ताल आत शिरले. ओव्हरकोट उघडा, आत शेला तसाच अंगावर, निळी कड दुहेरी हनुवटीला टेकलेली. डोळे लाल.

"फुलांचं चक्र मी ठेवलं," ते कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. "दोन्ही चक्रं मीच ठेवली. लोक विचारत होते, ओनोरे कुठाय. काय सांगू?" मग सिदोनीकडे वळून त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "पोरी, पोरी. कसं झालं गं?"

ती अठ्ठावन्न वर्षांची होती. गास्तों तिला अजून पोरी म्हणायचे, आणि आजवर तिला ते आवडत आलं होतं.

"मला माहीत नाही."

"हे बघ, रागात धक्का बसतो माणसाच्या हातून. खून थोडाच म्हणतात त्याला! तू सरळ सांगून टाक. मी आहे ना. चांगला वकील देऊ. न्यायाधीश माझ्या ओळखीचे आहेत. दोन वर्षं, फार तर तीन."

तिने हात सोडवून घेतले. प्रेमाचा माणूस आपल्याभोवती इतक्या मायेने भिंत बांधतोय, याची तिला चौकशीपेक्षा जास्त भीती वाटली.

"पोर्तालसाहेब," एलिएत म्हणाल्या, "आज सकाळी तुम्ही कुठे होता?"

"नऊपासून चौकात. बँड, खुर्च्या, शाळेची मुलं. शंभर माणसं सांगतील."

"नऊच्या आधी?"

"घरी. दाढी करत होतो. का, दाढीलाही साक्षीदार लागतो?"

कॅप्टन हसला. एलिएतही हसल्या. "नाही हो. मला आपलं वाटलं विचारावं. आता तुम्हीच खासदार, नाही का?"

"कायदाच आहे तसा," गास्तों शांतपणे म्हणाले. "मतपत्रिकेवर दोन नावं असतात. वर खासदाराचं, खाली बदलीचं. वरचा मेला की खालचा जातो. मला हौस नाही, मेत्र. चौदा वर्षं त्याच्या नावाखाली बारीक अक्षरात छापला गेलोय, माझी कधी तक्रार ऐकलीत?"

"कधीच नाही," एलिएत म्हणाल्या. "चौदा वर्षांत एकदाही नाही."

फोन वाजला. कॅप्टनने तो घेतला, ऐकलं, ठेवला. "न्यायाधीश घाट उतरलेत. वीस मिनिटं. मादाम, कोट घाला."

४

"कोट काल वरच राहिला, त्यांच्या खोलीशेजारी," सिदोनी म्हणाली. कॅप्टन जिन्यापाशी उभा राहिला आणि एलिएत तिच्याबरोबर वर गेल्या.

प्रेत हलवलं होतं. शेकोटी विझत आली होती. शेजारच्या खोलीत, कपाटाच्या दारावर, एक काळा झगा टांगलेला होता. वकिलीचा. इस्त्रीची घडी ताजी, आणि डाव्या खांद्यावरून सुटणाऱ्या पट्टीच्या टोकाला नवी कोरी पांढऱ्या फरची लव.

एलिएतनी त्या लवेला बोट लावलं. "ही कधी शिवली?"

"मी नाही शिवली. शिंप्याकडून काल आली." सिदोनी म्हणाली. "चौदा वर्षं हा झगा कपाटात होता. पॅरिसला गेले त्याच दिवशी म्हणाले, एका अंगावर दोन वस्त्रं नकोत. नगरपालिकेची पायरी न चढता, कुठलं छोटं पद न घेता, कोर्टातून ते थेट संसदेत गेले. आणि तिथे गेल्यावर वर्षावर्षाने सुकत गेले. म्हणायचे, 'इथे मी एका माणसासाठी नाही, आकड्यासाठी उभा राहतो, सिदोनी. कोर्टात निदान माझ्याशेजारी कोणीतरी घाबरून बसलेलं असतं, त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागतो.'"

तिने खिशातून लिफाफा काढला. काढताना तिला वाटलं, आता आपण आपल्याच हाताने कडी लावून घेतोय. तरी तिने तो पुढे केला.

एलिएतनी पाच ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या.

"हे कॅप्टनला दाखवलं तर तुमच्या रागाला कारण मिळेल."

"ठाऊक आहे. पण हे त्यांचं शेवटचं लिहिणं आहे. ते खिशात घेऊन मी तुरुंगात जाऊ कशी?"

"सिदोनी, खासदार मेला तरी तुमची नोकरी जातेच ना?"

"जातेच. त्याच दिवशी."

"मग नोकरीसाठी मारण्यात काय अर्थ? राजीनाम्यानेही जाते, मरणानेही जाते. तुमच्यासाठी दोन्ही सारखंच." त्या थांबल्या. "पण एक माणूस असा आहे की ज्याला ते सारखं नाही. राजीनामा दिला तर पोटनिवडणूक. बारीक अक्षरातल्या नावाला काही मिळत नाही, पक्ष पॅरिसहून कोणी गुळगुळीत पोरगा पाठवतो. मेला तर मात्र…"

सिदोनीने लिफाफ्याकडे पाहिलं. "फक्त एकाला आधी सांगेन, त्याचा हक्क आहे," ती पुटपुटली. "मला वाटलं थिबो."

"आणि पुरावा काही नाही. नऊपासून शंभर साक्षीदार. शेला अंगावर, म्हणजे मरण दहानंतरचं. हा शेलाच आडवा येतोय." एलिएत झग्यासमोर येरझारा घालू लागल्या. "शेला चढवताना काय करायचात तुम्ही? नीट सांगा, काही गाळू नका."

"काय करायचे? ते हात पसरायचे, जेवढे पसरतील तेवढे. मी उजव्या खांद्यावरून घ्यायचे. एक टाचणी वर, एक खाली. मग मी दर वर्षी तेच म्हणायचे, लाल गळ्याशी आलं की तेवढाच तुमच्या गालांना रंग येतो, मेत्र. आणि ते म्हणायचे, बरं झालं, नाहीतर लोक मलाच हुतात्मा समजून फुलं वाहतील." ती हसली आणि हसताहसता रडू लागली. "आणि आज गाल कसा पांढराफटक…"

एलिएत जागच्या जागी थांबल्या. बोळकांडीच्या भिंतीवर एक फोटो होता, स्तंभापाशी शेजारीशेजारी उभे असलेले खासदार आणि नगराध्यक्ष. त्या फोटोकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग जिन्यावरून खाली आवाज दिला.

"कॅप्टन! त्या दोघांना वर पाठवा. आणि तुमचा मोबाइल घेऊन या."

५

सगळे आले तेव्हा एलिएतनी तो झगा कपाटाच्या दारावरून काढून शेकोटीच्या खोलीत लाकडी स्टँडवर चढवला होता. टेबलावर दुसरा शेला होता, मेत्रच्या खणातला, जास्तीचा.

"अंत्ययात्रेचं बघायला हवं," त्या म्हणाल्या. "झगा आणि वर शेला, असं शोभेल का? थिबो, तुम्ही चढवून दाखवा बरं."

थिबो गोंधळला. त्याने शेला उचलला, उलटासुलटा केला आणि सरळ डाव्या खांद्यावर टाकला, झग्याची पट्टी असते तिथे. "असा?"

"वकिलाचा हात," एलिएत म्हणाल्या. "डावीकडेच जाणार. पोर्तालसाहेब, जरा मदत करा त्याला."

"काय रे तुम्ही शहरातली पोरं!" गास्तोंनी शेला त्याच्या हातातून घेतला. उजव्या खांद्यावरून, छातीवरून तिरपा, डाव्या कमरेशी. दोन बोटांनी चूण बसवली, सोनेरी गोंडा झटकला. चार सेकंदं लागली. "हा असा. टाचणीबिचणी काही लागत नाही, नीट दाबला की बसतो."

"सुरेख. आता सिदोनी, तुम्ही."

सिदोनी पुढे आली. पण तिचा हात मध्येच थांबला. ती शेल्याकडे बघत होती, मग गास्तोंच्या छातीकडे, मग पुन्हा शेल्याकडे. सकाळपासून जे आत कुठेतरी खुपत होतं ते वर आलं, पाण्याखाली दाबलेलं लाकूड सुटून वर यावं तसं.

"हा उलटा आहे," ती म्हणाली.

"उलटा कसा? निळं गळ्याशी," गास्तों म्हणाले. "वीस वर्षं घालतोय मी."

"तुम्ही घालता. नगराध्यक्षाचं निळं गळ्याशी. खासदाराचं लाल गळ्याशी. लांबून लोकांना फरक कळावा म्हणून." तिने शेला उचलला, कड फिरवली, आणि उशीतली टाचणी काढून खांद्यावर खोचली. "हा असा. चौदा वर्षं असा."

एलिएतनी फोटो स्टँडशेजारी धरला. दोन माणसं, दोन शेले, एकाची लाल कड वर, एकाची निळी. "कॅप्टन, तुमचा सकाळचा फोटो?"

कॅप्टनने मोबाइल पाहिला. सर्दी विसरून तो बराच वेळ पाहत राहिला. "निळं गळ्याशी," तो म्हणाला. "आणि टाचणी… टाचणी नाही."

"ओनोरे कास्तान्ये नगराध्यक्ष कधीच नव्हते. त्यांच्या हाताला ही सवय नव्हती, त्यांचा हात वर जातच नव्हता. सिदोनीने चढवला असता तर लाल वर आणि दोन टाचण्या. थिबोने चढवला असता तर डाव्या खांद्यावर. आणि बाहेरचा कोणी कशाला चढवेल? ते निघायला तयार होते असं दिसावं, मरण दहानंतरचं वाटावं, अशी गरज फक्त नऊपासून चौकात उभ्या असलेल्या माणसाला होती. नऊच्या आधीच बोळातलं दार ओनोरेंनीच त्याच्यासाठी उघडलं. कारण त्याचा हक्क होता." त्यांनी लिफाफा गास्तोंसमोर धरला. "हे त्यांनी तुम्हाला सांगितलं ना, सकाळी?"

"सवयीवरून फाशी देणार मला?" गास्तों हसायला गेले. हसू जमलं नाही. समोर शेकोटीवर मोठा आरसा होता आणि त्यात ते स्वतः उभे होते, निळी कड हनुवटीशी. ते आरशाकडे बघत खुर्चीत बसले, कोणी खाली दाबावं तसे.

"म्हणाला, गास्तों, मी सुटतोय," ते हळूच म्हणाले. "सुटतोय! पोरासारखा हसत होता. मी म्हटलं, आणि मी? चौदा वर्षं तुझ्या सभांच्या खुर्च्या लावल्या, तू पॅरिसला असताना तुझ्या मतदारांच्या शिव्या खाल्ल्या. म्हटलं, मंत्री हो, तरी जागा मला येते, काहीही कर, पण राजीनामा नको. म्हणाला, 'तू पण सोड रे, फार हलकं वाटतं.' तेवढंच. हलकं वाटतं म्हणाला, आणि मी ढकलला." त्यांनी चेहरा झाकला. "तसा उघडा पडलेला बघवेना. शेला टेबलावर होता. घातल्यावरच लक्षात आलं की याने माझी सुटकाही होते."

"माझी नाही झाली," सिदोनी म्हणाली. "मगाशी माझे हात धरून तुम्ही मला दोन वर्षं देत होता. फार तर तीन."

कॅप्टनने पुढे होऊन गास्तोंच्या अंगावरचा शेला उतरवला. त्यालाही टाचणी नव्हती. नुसता धरला आणि घसरून आला.

खाली गाडीचं दार वाजलं. न्यायाधीश पोचले होते. जी गाडी तिच्यासाठी आली होती तिच्यात दुसराच कोणी बसला, आणि ती पायरीवर उभी राहून पाहत राहिली. बेकरीचं दुकान दिसू लागलं होतं. मग मनोरा. मग, पुसटसा, डोंगर.

शनिवारी अंत्ययात्रा होती. पॅरिसहून आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, शवपेटीवर शेला ठेवायचा का. एलिएतनी सिदोनीकडे पाहिलं.

"झगा," सिदोनी म्हणाली. "फक्त झगा."

पेटी बंद करण्याआधी तिने पाच मिनिटं मागून घेतली. त्या संध्याकाळी ती दार आपटून गेली, त्याच्या आधी मेत्रनी तिला एक प्रश्न विचारला होता. तो तिने कोणालाच सांगितला नव्हता, कॅप्टनलाही नाही, एलिएतलाही नाही. एकतीस वर्षांच्या अहोजाहोत त्यांनी इतक्या हळू आवाजात काही विचारलं नव्हतं: "मी परत कोर्टात उभा राहीन, सिदोनी. तुम्ही याल ना माझ्याबरोबर? झग्याची पट्टी खांद्यावर कोण लावणार?"

तिने डाव्या खांद्यावर पट्टी सरळ केली. पांढरी लव छातीवर आणली, हाताने विंचरली. उशीतून एक टाचणी काढली, कापडात हलकेच खोचली, टोचू नये म्हणून टोक आत वळवलं.

"येते की," ती म्हणाली. "विचारायचं काय त्यात!"